कपाटातले दत्तोबा

कळस गावातल्या दत्तोबा रणवरे यांच्या घरात दुपारचे ऊन कलले, की त्यांच्या लोखंडी कपाटातून कापराचा वास येऊ लागे. घरात कापूर नव्हता. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंच्या दम्यामुळे डॉक्टरांनी धूप, उदबत्ती आणि कापूर या तिन्ही गोष्टी केव्हाच बंद केल्या होत्या. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली बारामतीत होती. दत्तोबा मागच्या दिवाळीच्या आधी वारले होते.

कपाटाचे हे वृत्त त्यांच्या मुलाला आईच्या फोनवरून कळले. विजयसिंह तेव्हा बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातल्या फॅटची नळी डोळ्यांसमोर धरून उभा होता.

"विजू, तुजं आबा आल्यात."

"कोण आबा?"

"तुजंच रं. तुला किती आबा हायत?"

विजयसिंहाने नळी स्टँडमध्ये ठेवली. "कुठं आलेत?"

"कपाटात."

विजयसिंह रसायनशास्त्राचा एम.एस्सी. होता. सुटीच्या दिवशी तो इंदापूर तालुक्यातल्या शाळांमध्ये जाऊन, काडी न ओढता पेटणारा नारळ आणि रक्त गाळणारे लिंबू यांमागचे रसायन मुलांना उकलून दाखवत असे. मेलेला माणूस परत येतो, ही कल्पना त्याला हसण्याइतकीही गंभीर वाटत नसे. तरी 'कपाटात' हा शब्द ऐकून त्याचा हात खिशातल्या किल्ल्यांकडे गेला. कारण त्या कपाटात, आबांच्या धोतरांच्या घडीखाली, त्याचे पेन होते.

पेन इटालियन होते, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे. निदान विक्रेत्याचे म्हणणे तसे होते. जुनी पेने जमवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात विजयसिंह आधी कुतूहलाने शिरला आणि नंतर त्याला बाहेर पडता आले नाही. या मंडळींचा बाजार कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही. तिथे चालू कंपनीपेक्षा बुडालेली कंपनी महाग असते. एक ओरखडा असला तर तो दोष, पुष्कळ असले तर तो इतिहास. लिहिणारे पेन स्वस्त, आणि ज्याने लिहिण्याचे धाडस कोणी करणार नाही ते अनमोल. विजयसिंहाने जी किंमत मोजली त्यात एक दुभती गाय आली असती. गाय निदान दूध देते. या पेनातून शाईसुद्धा येत नव्हती, कारण ती भरण्याची त्याची छाती झाली नव्हती.

त्याची पत्नी राजलक्ष्मी एका पतसंस्थेत वसुली विभागात होती. लोकांचे अनावश्यक खर्च हुडकून काढणे हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. त्यामुळे पेन बारामतीच्या फ्लॅटमध्ये ठेवणे शक्य नव्हते. थंडीत कुरिअरने आलेली ती डबी त्याने परस्पर कळसला नेली, वडिलांच्या कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. तेव्हापासून तो दर रविवारी कळसला जाऊ लागला. आईला पडायला सांगून, दार लोटून घेऊन तो कपाट उघडी आणि अर्धा तास ते मधाच्या रंगाचे पेन उजेडात फिरवून बघत बसे. डबीला एक मंद, जुनाट वास होता. तो इटलीचा असावा, असे तो धरून चालला होता. दाराबाहेर पडलेल्या द्वारकाबाईंना कपाट उघडल्याचा आवाज आणि पाठोपाठ मुलाचा दीर्घ उसासा ऐकू येई.

"पोराला बापाची लई सय येती," असे त्या गावभर सांगत. त्यामुळे कळसमध्ये विजयसिंहाच्या पितृभक्तीचा लौकिक झाला होता.

रविवारी तो पोचला तेव्हा ओसरीवर त्याचे चुलत काका सर्जेराव बसलेले होते. उंबऱ्याशी नेहमी पडून असणारे कुत्रे रस्त्यापलीकडे जाऊन बसले होते. आतल्या भिंतीवरून वर्षानुवर्षे चालणारी मुंग्यांची रांग नाहीशी झाली होती. पश्चिमेच्या खोलीत एक जड, पांढरी शांतता होती. आणि त्या शांततेत, कोणी नुकतीच आरती करून निघून जावे तसा, कापराचा वास भरून राहिला होता.

"आबांच्या सदऱ्याला आसाच वास यायचा," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. ते खरे होते. मारुतीच्या देवळातली संध्याकाळची आरती दत्तोबा करीत आणि उरलेला कापूर खिशात टाकून घरी येत. "बग आता. मी हाक मारते."

वारा यावा म्हणून त्यांनी चाचपडत खिडकी सताड उघडली. ऊन सरळ कपाटावर आले. थोडा वेळ काहीच झाले नाही.

"अवं," द्वारकाबाई म्हणाल्या, "विजू आलाय."

कपाटाच्या आतून आवाज आला: टक्.

विजयसिंहाच्या हातावरचे केस उभे राहिले. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, हे त्याला ठाऊक होते. ठाऊक असल्यामुळे केस खाली बसले नाहीत.

"काय साहेब?" सर्जेराव दारातून म्हणाले. "शाळंत पोरांना सांगता न्हवं, आसलं काय नसतंय म्हून? सांगा की जरा कपाटाला."

टक्, कपाट म्हणाले. कापराचा वास दाट झाला.

"मला न्ह्यायला आल्यात त्ये," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती. एसटीची वेळ सांगावी तसा तो आवाज होता. "त्या डोळ्याच्या डाक्तरला सांग, माजी वाट बगू नको म्हनावं."

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा इतका पिकला होता, की आता थांबलात तर नजर कायमची जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. शस्त्रक्रिया याच आठवड्यात ठरली होती. तिला तयार करायला त्याला आणि राजलक्ष्मीला वर्ष लागले होते.

"आई, ते ऑपरेशन चुकवून चालणार नाही."

"चाललंय त्येला नवं डोळं कशाला? रस्ता त्येंना ठावं हाय. हात धरून न्हेतील." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "तांब्याचा हंडा सर्जेरावांच्या सुनंला दिला. पाटा-वरवंटा बी दिला."

सर्जेरावांनी नजर छपराकडे लावली. "आमी नको नकोच म्हनत हुतो. पर वैनी ऐकत्यात व्हय?"

"आन म्हस?" द्वारकाबाईंनी आठवण करून दिली.

"म्हशीचं आजून नक्की न्हाय," सर्जेराव घाईने म्हणाले. "नुसती बगून ठिवलीया."

विजयसिंहाने दोघांना बाहेर जायला सांगितले, दार लोटले आणि कपाटाला किल्ली लावली. दार उघडताच वासाचा लोट अंगावर आला. धोतरे, सदरे, कोट, सगळ्यांना तो वास होता. पण धोतरांची घडी उचलली तेव्हा तो थेट डोळ्यांत गेला. त्याने पेनाची डबी काढली, उघडली, नाकाशी धरली. वास तिथूनच येत होता.

मग शिकलेले सारे त्याच्याजवळ परत आले. त्या काळातली पेने सेल्युलॉइडची बनत. सेल्युलॉइड करताना नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळावा लागतो. उकाड्यात तोच कापूर उडत होता. जमवणाऱ्यांच्या गटातले जाणकार तर पेन हातात आले, की आधी टोपणाचा वास घेतात. अस्सल जुन्या मालाची ती खूण. इतके दिवस विजयसिंहाच्या मनात एक बारीक शंका कुरतडत होती. तीही आज फिटली. भूत नव्हते आणि पेन खरे होते. बापाच्या कपाटासमोर उभे राहून तो हसला.

हसत मागे वळला, तर द्वारकाबाई आत येऊन कपाटाच्या पायाशी निरांजन लावत होत्या. सेल्युलॉइड काडीपेटीच्या गुलासारखे पेट घेते. एवढ्या मोलाच्या ज्वालाग्राही वस्तूखाली उघडी ज्योत! त्याने वाकून, सारे बळ एकवटून, फुंकर मारली.

ज्योत विझली.

"फुकलास?" द्वारकाबाई म्हणाल्या. "बापाचा दिवा तोंडानं फुकलास?"

आता खरे सांगणे एवढाच मार्ग होता. पण खरे सांगायचे तर पेन दाखवावे लागणार, पेन दाखवले की किंमत निघणार, आणि सर्जेरावांच्या कानी पडलेली किंमत राजलक्ष्मीपर्यंत जायला कळस ते बारामती एवढेच अंतर होते. विजयसिंहाने दुसरा मार्ग काढला. कारण काढून घेतले, की परिणाम थांबेल. वास थांबला, की समजूतही विरेल. त्याने डबी गुपचूप खिशात घातली आणि तो बारामतीला निघाला. मोटारीच्या काचा बंद होत्या. भिगवण रस्ता येईपर्यंत मागच्या सीटवर आरती झाल्यासारखा वास सुटला होता. हे का होते आहे, याची पूर्ण कल्पना असूनही त्याने दोनदा आरशात पाहिले.

डबी त्याने प्रयोगशाळेतल्या स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली. प्रयोगाची आखणी निर्दोष होती. तिच्यात फक्त द्वारकाबाई धरलेल्या नव्हत्या.

तिसऱ्याच दिवशी सर्जेरावांचा फोन आला. "विजय, वैनींनी जेवान सोडलंय."

"का? वास गेला ना?"

"गेला म्हून तर! तू दिवा फुकलास, म्हून त्ये रुसून गेल्यात म्हंत्यात. आता दुपारी नुसतं टकटक करत्यात, वास न्हाय. म्हंजी राग हाय. वैनी म्हंत्यात, त्ये हिकडं यायचं न्हाईत, आता मलाच तिकडं जाया पायजे." सर्जेरावांचा आवाज खाली आला. "आरं, गंमत ऱ्हायली न्हाय बाबा ही. सुनेनं हंडा परत न्हेला तर भितीकडं त्वांड करून पडल्यात. घ्या म्हनलं तर घेत न्हाईत."

फोन ठेवतो तोच त्याचा सहकारी इरफान आत आला. "सर, अंथुर्ण्याचा टँकर थांबवलाय."

"फॅट कमी आहे?"

"फॅट बरोबर हाय. वास येतोय." इरफानने दार लावून घेतले. "दुधाला. कापराचा."

इरफानने पुढे केलेल्या नमुन्याच्या बाटलीचा विजयसिंहाने वास घेतला. दूध कोमट, ताजे होते. आणि त्याच्या तळातून कुठून तरी मारुतीचे देऊळ दरवळत होते.

"रामहरीनं बी घेतला वास," इरफान म्हणाला. रामहरी हा टँकरचा ड्रायव्हर, राहणार कळस. "घेतला आन मागं सरला. म्हनला, दत्तोबा पोराच्या मागं हितवर आले. आता फोनवर गावाला तेच सांगतोय."

"इरफान, दूध वास ओढून घेतं. आसपास काहीतरी असणार."

"तेच म्हनायला आलोय, सर. बाहेर टँकरजवळ सॅम्पल काढलं, तर वास नाही. हितं आणलं, की येतो. तुमच्या टेबलाजवळ ठेवलं, की जास्तच." त्याने गरम पाण्याच्या यंत्राखालचा खण बोटाने ठोठावला. फॅटच्या नळ्या गरम ठेवणारे ते यंत्र दिवसभर चालू असे, आणि खण भाकरीच्या तव्यासारखा तापलेला होता. "हितं काय हाय?"

विजयसिंहाने डबी काढून दाखवली. इरफान ऐकत राहिला: सेल्युलॉइड, कापूर, इटली, महायुद्ध.

"केवढ्याला?"

विजयसिंहाने आकडा कुजबुजत सांगितला. इरफान स्टुलावर बसला.

"सर, मी दुधात मिसळलेलं पाणी शोधतो, तुमी युरिया शोधता. पन एवढ्या किमतीला एवढंसं पेन, ही कुठली भेसळ म्हनायची?" मग त्याचा चेहरा बदलला. "आई तिकडं उपाशी हायत आन तुमी हितं किंमत लपवताय. वहिनींना सांगून टाका. वहिनी ओरडतील. ओरडून मानूस मरत नाही. उपाशी ऱ्हाऊन मरतं."

विजयसिंहाने राजलक्ष्मीला पतसंस्थेतून उचलले आणि कळसच्या रस्त्याला लागल्यावर सगळे सांगितले. ती समोर बघत होती. दोन्ही बाजूंनी ऊस मागे पडत होता.

"किती?" तिने विचारले.

त्याने सांगितले. ऊस मागे पडत राहिला.

"आणि ते खरं आहे?"

"शंभर टक्के. हा वास हाच पुरावा. नकली पेनाला कापराचा वास येत नाही."

"अहो, मला नव्हतं सांगायचं, ठीक आहे. मी असते तर घेऊच दिलं नसतं. पण आईंनी दोन दिवस अन्न टाकलं, आणि तुम्ही अजून पुरावा काय तेच सांगताय." वेशीपाशी ती म्हणाली, "त्यांचे डोळे झाले, की ते विकायचं."

"विकू," विजयसिंह म्हणाला. खरे पेन आहे, चढ्या भावाने जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

द्वारकाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गालफडे आत गेली होती. खोलीत सर्जेराव होते, दोन-चार शेजारणी होत्या, आणि खिडकीतून येणारे ऊन कपाटावर पडले होते. कपाट मधूनच टक् म्हणे आणि शेजारणी पदर सावरत.

"आई, उठून बस. आबा आले नव्हते. हे बघ काय होतं." विजयसिंहाने डबीतून पेन काढले, डबी खिडकीत ठेवली आणि राजलक्ष्मीला पातेलीत कडकडीत पाणी आणायला सांगितले. शाळेतल्या मुलांसमोर उभा राहायचा तसा तो उभा राहिला. "हे पेन एका विशिष्ट पदार्थाचं आहे. त्या पदार्थात कापूर असतो. गरम झालं, की तो बाहेर येतो. मी हे पाण्यात धरतो. तू वास घे."

त्याने पेन पाण्यात बुडवले. राजलक्ष्मीने द्वारकाबाईंना धरून बसवले आणि पातेली त्यांच्या नाकापाशी नेली.

"येतोय?"

"न्हाय."

"जरा थांब." तो थांबला. "आता?"

"पान्याचा येतोय."

सर्जेरावांनी वास घेतला. "साबनाच्या डबीगत येतोय. कापराचा न्हाय."

विजयसिंहाने स्वतः पातेलीत नाक घातले. वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. कापराचा लवलेश नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा प्रयोग लोकांसमोर फसला होता. पांढऱ्या झालेल्या काचांमागे तो आंधळ्यासारखा उभा राहिला, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागून, अगदी हळू, कापराचा वास आला.

कपाट म्हणाले, टक्.

"आले," द्वारकाबाई म्हणाल्या.

शेजारणी दाराकडे सरकल्या. सर्जेरावांनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "दत्तूदादा, म्हस मी घेतल्याली न्हाय बरं का!" राजलक्ष्मीने नवऱ्याची बाही घट्ट पकडली. वास वाढत होता. खोलीत एक माणूस अधिक आहे, असे त्या क्षणी प्रत्येकाला वाटले, आणि त्या प्रत्येकात विजयसिंहही होता.

मग त्याने चष्मा पुसला. पेन पाण्यात होते आणि वास खिडकीतून येत होता. खिडकीत उन्हाने तापलेली रिकामी डबी होती.

तो डबीपाशी गेला. आत निळी मखमल होती, पेनाच्या आकाराचा खळगा होता. त्याने कडेला नख घालून मखमल उचलली. ती नुसती डकवलेली होती, लगेच सुटली. खाली कापसात गुंडाळलेले काहीतरी होते.

"काय हाय?" द्वारकाबाईंनी विचारले. "मला दाव."

त्याने ते त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी चाचपले, हुंगले.

"कापूर की रं ह्यो."

"व्हय, आई." त्याच्या तोंडून गावची बोली निघाली.

"मंग त्ये आलंच न्हवतं?"

"न्हाय."

द्वारकाबाई बराच वेळ तळहाताकडे बघत राहिल्या. त्यांना तिथे काही दिसत नव्हते. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"बरं झालं, बया. मला तरी कुठं जायाचं हुतं! त्ये आलं म्हून निघाले हुते, नवऱ्याला न्हाय कसं म्हनायचं." त्यांनी पदर खोचला. "सूनबाई, भाकरी टाक दोन. आन सर्जेराव, हंडा आनून द्या. पाटा बी. म्हशीचं इसरा."

"इसारलो, वैनी."

"विजू, त्या डाक्तरला म्हनावं, येतिया म्हातारी."

राजलक्ष्मी पातेलीत वाकून बघत होती. पेनाचा मध पाण्यात उतरला होता. खाली राहिलेली नळी पावसात राहिलेल्या बादलीच्या कडीसारखी फिकट दिसत होती, आणि टोपणाची सोन्याची कडी पितळेपर्यंत आली होती.

"पाणी फेकू नका, अहो," ती म्हणाली. "एवढ्या किमतीचा काढा पुन्हा व्हायचा नाही."

जे घडले त्याचे कारण असे होते. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर होते. उन्हे आत आली, की त्याचा पत्रा तापून फुगे आणि सांध्यात टक् असा आवाज होई. द्वारकाबाई हाक मारण्याआधी खिडकी उघडत, म्हणून तो हाकेला उत्तर दिल्यासारखा वाटे. कापूर न वितळता हळूहळू हवेत उडून जातो आणि उष्णतेने ते उडणे वाढते. त्याचा वास मुंग्यांना आणि कुत्र्यांना सोसत नाही; कपडे आणि दूध तो ओढून घेतात. जुने इटालियन पेन विकत घेणारे लोक सेल्युलॉइडची खात्री वासावरून करतात, हे विक्रेत्याला माहीत होते, म्हणून त्याने मखमलीखाली भीमसेनी कापराची वडी ठेवली होती. पेन साध्या प्लास्टिकचे होते. कापूर शुद्ध होता.